कानातले काढून ठेवा

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्यासमोर घडलेली आहे, आणि निम्मी माझ्यामुळे घडलेली आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी म्हणावी. हे घडण्याआधी मीही तेच म्हटलं असतं. वर दोन हसणाऱ्या इमोजी टाकल्या असत्या.

भुताच्या गोष्टींत मध्यरात्र असते, वीज जाते, कुत्री रडतात. इथे त्यातलं काही नाही. दुपार होती. गेल्या सप्टेंबरातला, पितृपक्षातला गुरुवार. दोन वाजून चाळीस मिनिटं. बाहेर मुंबई नाक्यावर रिक्षावाले एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत होते.

मी योगिनी. नाशकातल्या एका सीटी स्कॅन सेंटरमध्ये अकरा वर्षं टेक्निशियन आहे. अपघातात फुटलेली डोकी पाहून झाल्यावर हात धुऊन डबा खाणारी बाई आहे मी. घाबरट नाही, हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी भिमाजी हवालदार एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आले. वर पांढरं कापड शिवलेलं, त्यावर लाखेचं सील.

"मॅडम, हरसूलच्या घाटात सापडलीय," ते म्हणाले. "गवत कापणाऱ्या बायांना दिसली. फक्त कवटी. खालचा जबडा नाय, दात नाय, बाकी शरीर नाय."

आमच्याकडे पोलिसांचं असं काम अधूनमधून येतं. कवटी स्कॅन करायची. मग आमचे रेडिओलॉजिस्ट शेखर सर संगणकावर तिची मापं घेतात. कानामागचं हाड किती मोठं, भुवईचा उंचवटा किती, मागचं टोक किती बाहेर आलंय. त्यावरून कवटी बाईची की पुरुषाची, ते सांगतात.

एवढंच सांगायचं असतं.

पण त्या दिवशी त्या 'एवढंच'वर दोन घरं टांगलेली होती, आणि दोन्ही घरं बाहेरच्या बाकावर बसली होती.

बाकाच्या एका टोकाला खंडेराव आणि कुसाबाई. विंचूरजवळच्या गावातले. त्यांचा मुलगा योगेश दोन वर्षांपूर्वी घरातून गेला. त्याची मोटारसायकल हरसूलच्या घाटात सापडली, तो सापडला नाही.

दुसऱ्या टोकाला बद्रुद्दीन चाचा. मनमाडला गाद्या भरायचं काम करतात. सदऱ्याच्या बाहीला कापसाचे तंतू चिकटलेले. त्यांची मुलगी कशिश. बावीस वर्षांची. त्याच पावसाळ्यात तिचा मोबाईल शेवटचा हरसूलच्या टॉवरला लागला, आणि बंद झाला.

डीएनएसाठी नमुना पाठवला होता. हाड इतकं खराब झालेलं की त्यातून काही निघालं नाही, असं उत्तर आलं. त्या भागातल्या हरवलेल्यांत जुळणाऱ्या तक्रारी या दोनच.

म्हणजे कवटी पुरुषाची निघाली तर कुसाबाई तिला अग्नी देणार. बाईची निघाली तर चाचा तिला मनमाडच्या कब्रस्तानात मिट्टी देणार.

"अमावास्येच्या आत व्हायला पायजे बघा," कुसाबाई मला म्हणाल्या. "रविवारी सर्वपित्री हाय. माझा पोरगा अजून कुठंच नाय, वर नाय, खाली नाय. त्याला पितरांत तरी बसू द्या."

त्यांना मुलगा जिवंत हवा होता की मेलेला, हे त्या विसरल्या होत्या. कसलाही का असेना, एकदा हवा होता.

खोकं आत नेताना चाचांनी पिशवीतून पिंजलेला कापूस काढला आणि माझ्या हातात दिला.

"नीचे लगा देना, बेटा. आदळायला नको."

इथे माझी चूक आली. नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

स्कॅनच्या आधी मशीनमध्ये नोंद करावी लागते. नाव, वय, लिंग. आमचं मशीन जुनं आहे. लिंगासाठी दोनच पर्याय. एम किंवा एफ. रिकामं ठेवलं की लाल चौकट येते आणि मशीन पुढे सरकतच नाही. या मशीनला रिकामी जागा चालत नाही.

आता ज्याचं लिंग शोधायलाच स्कॅन करतोय, त्याचं लिंग भरायचं कसं?

आमची पद्धत ठरलेली. अनोळखी केस, एम ठोकायचं. मला शिकवणाऱ्याने तसं शिकवलं. त्याला कुणी शिकवलं देव जाणे. अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही.

मी भरलं. नाव, अनोळखी. वय, तीस. लिंग, एम.

कवटी टेबलावर ठेवली. खाली चाचांचा कापूस. वर पट्टा. दार लावलं आणि काचेच्या अलीकडे कन्सोलवर येऊन बसले.

कन्सोलला माईक आणि स्पीकर असतो. पेशंट आत एकटा असतो, म्हणून. आपण बोललो की त्याला ऐकू जातं, तो बोलला की आपल्याला.

टेबल आत सरकलं. मशीन फिरायला लागलं.

आणि स्पीकरवर...

श्वास.

हळू. कुणीतरी घाबरून, छाती न हलवता घेतो ना, तसा. पहिल्यांदा सीटीला आलेली माणसं हमखास असाच श्वास घेतात. अकरा वर्षं तो आवाज ऐकलाय मी.

मी काचेतून पाहिलं.

टेबलावर कवटी. खोलीत दुसरं कुणी नाही.

एसीचा आवाज असेल, म्हटलं. स्वतःची समजूत घालायला आपल्याला कारणं कमी पडत नाहीत.

तेवढ्यात स्क्रीनवर चित्र आलं.

पेशंटच्या अंगावर धातू असला की सीटीच्या चित्रात पांढऱ्या रेघा फुटतात, फुलबाजीसारख्या. दागिना विसरला की लगेच कळतं.

त्या चित्रात... रेघा होत्या.

कवटीच्या दोन्ही बाजूंना. हाडात नाही. हाडाच्या जरा बाहेर, हवेत. जिथे कान असतात तिथे.

डाव्या बाजूला तीन ठिकाणी. उजव्या बाजूला एक.

मी उठून आत गेले. कवटी सगळीकडून पाहिली. कापूस चिवडला. टाचणी नाही, तार नाही, काही नाही. कोरडं हाड.

परत येऊन बसले. आणि मग मी जे केलं ते विचार करून नाही केलं. सवय असते तोंडाला. रोज पंधरा-वीस बायकांना तेच वाक्य म्हणते मी.

माईकचं बटण दाबलं आणि म्हणाले, "ताई, कानातले काढून ठेवा. वाटी आहे बाजूला."

म्हटलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून मला हसू आलं. कवटीला ताई म्हणतेय, योगिनी, रजा टाक आता.

टेबलाजवळच्या ट्रॉलीवर स्टीलची वाटी असते. बायका त्यात दागिने ठेवतात. स्कॅन झाला की वाटी पुढे करायची, मोजून परत द्यायचं. हा आमचा नियम.

माझं हसणं संपलं नव्हतं, तेवढ्यात स्पीकरवर...

टिंग.

वाटीत काहीतरी पडलं.

थोडं थांबून... टिंग.

मग... टिंग.

मग बराच वेळ काही नाही. उजव्या कानाचं अडकलं असावं.

टिंग.

काचेतून वाटी दिसत होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

पुन्हा स्कॅन केला. बोट आपोआप बटणावर गेलं, एवढंच आठवतं. चित्र स्वच्छ आलं. एकही रेघ नाही.

सगुणाबाई, आमच्याकडे साफसफाईला आहेत, त्यांना हाक मारली आणि दोघी मिळून आत गेलो. वाटी रिकामी होती.

"काय गं, अशी पांढरी का पडलीस?" त्या म्हणाल्या. "जेवली नाय का?"

"नाही," म्हटलं. "आज भूक नाही."

पहिला स्कॅन मी पुसून टाकला. दोनदा का केला, असं कुणी विचारू नये म्हणून.

चहाला बाहेर आले. टपरीवर बद्रुद्दीन चाचा उभे होते. मी काही विचारलं नव्हतं, शप्पथ. तेच बोलायला लागले. वाट बघणारी माणसं कुणालाही काहीही सांगतात.

"मेरी बच्ची को बाली का बडा शौक. डाव्या कानात तीन घालायची. मी ओरडायचो, एवढी छिद्रं कशाला?"

मी कप बाजूला ठेवला.

"आणि उजव्या?"

"एकच. छोटी थी तब कान फाटला होता पाळण्यात अडकून. दुसरं छिद्र टिकलंच नाही."

चहा तसाच ठेवून मी आत पळाले. शेखर सरांच्या केबिनमध्ये घुसले. दार वाजवायचं भान नव्हतं.

सर मापं घेत होते. वैतागले होते.

"काठावरची केस आहे गं," ते म्हणाले. "कानामागचं हाड पुरुषी वाटतं, भुवई बायकी. जबडा असता तर सोपं होतं. पण पोलिसांकडून पुरुष म्हणून आलीय ना? वर एम दिसतंय. त्यांना काहीतरी माहिती असणार."

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. सर, ते एम पोलिसांचं नाही. ते मी ठोकलंय. एवढीच दोन वाक्यं.

बोलले काय? "सर, मला ती बाई वाटते."

"कशावरून?"

काय सांगणार? तिने कानातले काढून ठेवले म्हणून?

"उगाच," म्हटलं.

सर हसले. "उगाच हे माप आपल्याकडे नाही, योगिनी."

दोन महिन्यांपूर्वी उजव्या-डाव्या गुडघ्याचा घोळ करून मी बोलणी खाल्ली होती. आणखी एक चूक कबूल केली असती तर मेमो हातात पडला असता. मेमोच्या भीतीने मी गप्प बसले. दुसरं कारण नाही. चांगलं कारण असतं तर सांगितलं असतं.

अहवाल शुक्रवारी गेला. 'पुरुषाची असण्याची शक्यता अधिक.'

पोलिसांनी बाकीचे कागद त्याला जोडले आणि शनिवारी कवटी खंडेरावांच्या ताब्यात दिली. चाचांना घरी जायला सांगितलं. भिमाजी म्हणाले, चाचांनी फक्त खोक्यातला कापूस परत मागितला.

रविवारी, सर्वपित्री अमावास्येला, सकाळी अकरा वाजता अमरधाममध्ये अग्नी दिला. राख गोदावरीत गेली. मी घरी होते. आमचं सेंटर रविवारी बंद असतं. शनिवारी संध्याकाळी मशीन आणि मेन स्विच माझ्याच हातांनी बंद केला होता.

त्या दिवशी सकाळपासून माझे कान दुखत होते. दोन्ही. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

मग बॅनर लागला. आपल्याकडे लागतोच. विंचूरच्या चौकात, योगेशचा हार घातलेला फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली पन्नास मित्रांची नावं. कुणीतरी तो स्टेटसला ठेवला.

आणि दहाव्याच्या दिवशी खंडेरावांचा फोन वाजला.

"दादा," पलीकडून आवाज आला, "मी योगेश. माझा बॅनर का लावलाय?"

वापीच्या कारखान्यात होता तो. बापाशी भांडून गेलेला. गाडी घाटात टाकून ट्रकमध्ये बसलेला. दोन वर्षं रागात काढली, आणि स्वतःचा हार घातलेला फोटो पाहून राग उतरला.

मला हे भिमाजींनी फोनवर सांगितलं. ते हसत होते. कुसाबाईंनी म्हणे पोराला आधी मिठी मारली, मग चपलेने मारलं, मग पुन्हा मिठी मारली.

"मग मॅडम, आपण जाळलं कुणाला?" भिमाजींनी विचारलं. आता ते हसत नव्हते.

त्याच दिवशी मी शेखर सरांना सगळं सांगितलं. एमचं सांगितलं. कानातल्यांचं नाही. सरांनी तीच केस पुन्हा उघडली, तीच मापं पुन्हा घेतली.

"बाईचीच असावी," हळूच म्हणाले. "भुवई बघ ना. सरळ आहे."

तेच हाड, तेच आकडे, तेच डोळे. मनातून एक अक्षर काढलं, तेवढाच फरक.

सरांनी पोलिसांना पत्र लिहिलं. मला मेमो मिळाला. ज्याच्या भीतीने गप्प बसले होते, तो अखेर मिळालाच. पण जाळलेलं परत येत नाही.

चाचांना भिमाजींनी कळवलं. तिसऱ्या दिवशी ते मनमाडहून आले. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे माझी पोरगी गोदावरीत गेली," ते म्हणाले. "कुठे बसून फातिहा वाचू मी? काहीतरी द्या, बेटा. कुछ तो बचा होगा."

उरलं होतं ते फक्त मशीनमध्ये. तिचा स्कॅन.

"प्लेट देऊ शकते," मी म्हणाले. सरांनी मान हलवली.

मी प्लेट काढायला केस उघडली. म्हटलं, निदान आता तरी एमचं एफ करावं. चाचांच्या हातात एम लिहिलेली प्लेट नको.

लिंगाच्या जागी...

एफ होतं.

मी केलं नव्हतं. सरांना विचारलं, त्यांनीही केलं नव्हतं; पुन्हा मापं घेताना वरचं अक्षर त्यांनी पाहिलंही नव्हतं. नोंदीत कुणी, कधी बदल केला ते आमच्या मशीनमध्ये दिसतं. मी ते पान उघडलं.

बदल : एमचं एफ.

वेळ : रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

मेन स्विच बंद होता. आणि अमरधाममध्ये जाळ लागून दहा मिनिटं झाली होती.

बदल करणाऱ्याचं नाव...

रिकामं.

ज्या मशीनला रिकामी जागा चालत नाही, त्या मशीनमध्ये. दुरुस्तीवाल्या इंजिनिअरला नंतर दाखवलं. तो म्हणाला, असं होऊ शकत नाही. मी म्हटलं, हो, मला माहीत आहे, पण झालंय, बघ.

प्लेट काढली. चाचांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. आपल्या लेकराच्या डोक्याकडे माणूस कसा बघतो ते मी पाहिलं. त्यांनी बोट कानाच्या जागेवर फिरवलं.

"बाली दिसत नाही तिची."

"मी काढायला लावली होती, चाचा," माझ्या तोंडून निघून गेलं. "स्कॅनला काढावीच लागते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कसं, कधी, कुणाला, काही विचारलं नाही. पिशवीतून पांढरं कापड काढलं, तोच कापूस काढला. प्लेट कापसात ठेवली, कापडात गुंडाळली.

"मशिदीत कुणाला विचारणार नाही," ते म्हणाले. "पूछा तो मना करेंगे. कब्रस्तानात माझ्या अम्मीच्या बाजूला थोडी जागा आहे. मीच खणेन."

दारापर्यंत गेले. मग वळले.

"बाली काढून घेतलीस ना तिची? मग परत दिली ना, बेटा?"

माझी नजर काचेपलीकडच्या वाटीवर गेली.

ते गेले. मनमाडला ती प्लेट मातीत आहे. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, आणि मी केला नाही. हिंमत होत नाही.

ती वाटी मी तेव्हापासून कुणाला देत नाही. बायकांना सांगते, दागिने नातेवाइकांकडे द्या. सगुणाबाईंनी एकदा ती घासायला नेली, तर मी त्यांच्यावर ओरडले. बिचाऱ्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण ती वाटी रिकामी नाही हे त्यांना कसं सांगू? त्यात कुणीतरी विश्वासाने काढून ठेवलंय. मी सांगितलं म्हणून.

रोज दुपारी दोन-चाळीसला मी खोली रिकामी करते. वाटी टेबलावर ठेवते, चाचांचा कापूस होता तिथे. दार लावते, कन्सोलवर येते, माईक दाबते.

"कशिश, स्कॅन झालाय गं. तुझं घालून घे."

मग ऐकत बसते...

चार वेळा वाजायला हवं.

अजून एकदाही वाजलेलं नाही.